डा म्हणजे पाणी

गोष्ट मेळघाटातली आहे. अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा असे दोन तालुके आहेत. सगळा डोंगराचा मुलूख. सागाचे जंगल, आणि मधून मधून लहान लहान गावे. तिथे कोरकू लोक पुष्कळ राहतात. त्यांची भाषाही कोरकूच.

आम्ही तिथल्या एका गावी अंगणवाडी पाहायला गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. मुले जेवायला बसली होती. ताई तालुक्याला बैठकीसाठी गेल्या होत्या. मदतनीस बाई मागच्या बाजूला भांडी घाशीत होती. मुलांपाशी आम्हीच काय ते मोठे.

एक पोर, असेल तीनेक वर्षांची, एकाएकी रडू लागली. हात पुढे करी आणि म्हणे, "डा! डा!"

आम्हाला वाटले, डाळ मागते आहे. आम्ही तिच्या ताटलीत आणखी डाळ वाढली. तिने ताटली ढकलून दिली. जास्तच रडू लागली. आम्ही मनात म्हटले, पोर हट्टी दिसते. मग तिला उचलून घेतले, खेळणे दाखवले, दारात नेऊन कोंबडी दाखवली. काही उपयोग झाला नाही.

रडणे ऐकून मदतनीस बाई आली. तिने हात पुसले, माठातले पाणी पेल्यात घेतले आणि पोरीच्या तोंडाला लावले. पोर गटागटा प्याली. रडे थांबले.

"आमच्या बोलीत डा म्हंजे पाणी, दादा," मदतनीस बाई हसून म्हणाली.

आम्ही शिकलेली माणसे. मुलांसाठी काम करतो असे सांगत फिरणारी. माठ आमच्यापासून दोन हातांवर होता. तरी तहानेल्या लेकराला आम्हाला पाणी देता आले नाही. त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मनातून गेलेली नाही. म्हणून ती आज तुम्हाला सांगतो आहोत.

आपल्या राज्याची भाषा मराठी. पण राज्यातल्या सगळ्या घरांची भाषा मराठी नाही. आपण पाणी म्हणतो, कोरकू माणूस डा म्हणतो. गडचिरोलीकडचा गोंड माणूस पाण्याला एर म्हणतो. सोलापुरात कितीतरी घरांत कानडी आणि तेलुगू बोलतात. नंदुरबारकडे भिली आणि पावरी आहे. तांड्यावर गोरबोली आहे. पुष्कळ घरांत उर्दू आहे.

यातल्या काही भाषा मराठीच्या जवळच्या आहेत. त्यांत थोडे कान देऊन ऐकले तर निम्मे कळते. पण कोरकू तशी नाही. तिचे गोत फार दूरचे. झारखंडाकडे संथाली आणि मुंडारी भाषा आहेत, त्यांची ती बहीण. गोंडीचे नाते तेलुगू आणि कानडीशी. तेव्हा "सावकाश बोललं की कळतंय त्यांना" असे जे म्हणतात ते खरे नाही. कितीही सावकाश म्हटले तरी पाण्याचे डा होत नाही.

आणि ही माणसे थोडीथोडकी आहेत असेही नाही. 2011 सालच्या शिरगणतीत सगळ्या देशात मिळून कोरकू बोलणारे 7 लाखांवर निघाले. गोंडी बोलणारे 29 लाखांवर. भिली आणि तिच्या बोली बोलणारे तर 1 कोटीच्या वर गेले.

मूल मुके होते

घरी पाहा. तीन वर्षांचे मूल दिवसभर बडबडते. हे काय, ते काय, कुत्रा का भुंकला, आजी कुठे गेली. आई कंटाळून म्हणते, "जरा गप बस की." तेच मूल अंगणवाडीत जाते. तिथे ताई दुसऱ्याच भाषेत बोलतात. मूल ऐकते. काही कळत नाही. आपण बोललो तर कुणाला समजत नाही. एक दिवस, दोन दिवस. मग ते बोलायचेच थांबते. कोपऱ्यात बसून राहते.

ताई बिचाऱ्या वहीत लिहितात, मूल बुजरे आहे. कुणी म्हणते, मंद आहे. मूल बुजरेही नसते आणि मंदही नसते. घरी जाऊन त्याची बडबड ऐका म्हणजे कळेल. कोपऱ्यात बसले असते ते मूल नव्हे, त्याची भाषा.

यात सगळ्यांत वाईट गोष्ट फार लहान आहे. मुलाला शू लागते. ते आपल्या भाषेत सांगते. ताईंना कळत नाही. चड्डी ओली होते. बाकीची मुले हसतात. दुसऱ्या दिवशी मूल अंगणवाडीला यायला नको म्हणते. आईला कारण कळत नाही. ती दोन दिवस ओढून नेते, मग सोडून देते. मूल घरी राहिले म्हणजे नुसती गाणी आणि खेळ गेले असे नाही. तिथला ताजा आहार गेला, महिन्याचे वजन गेले, लस कधी आहे ती खबर गेली.

अंगणवाडी हे नाव कसे पडले ते पुष्कळांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी बाया ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याला बोर्डी इथे 1945 साली कामाला लागल्या. पुढे त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. तिथे वारली लोकांचे पाडे. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची. खेळणी विकतची नाहीत. शिंपले, खडे, पाने, बिया. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने बालविकासाची मोठी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. सुरुवातीला देशात 33 ठिकाणी ती योजना होती. आता अंगणवाड्या लाखांनी मोजतात.

अंगण म्हणजे काय? तिथे आई उंबऱ्यावर बसलेली असते. आजी धान्य पाखडते आहे. सगळे घरच्या भाषेत चालते. इमारत पक्की झाली ते चांगलेच झाले. पण पुष्कळ ठिकाणी अंगणातली भाषा मात्र बाहेरच राहिली, असे आम्हाला वाटते.

काही आयाबाप आम्हाला उलटे सांगतात. "घरचीच बोली अंगणवाडीत बोलाया लागले तर मराठी कवा शिकंल? मराठी न्हाई आली तर नोकरी कशी लागंल?" त्यांची काळजी खरी आहे. मराठी यायलाच हवी. पुढे इंग्रजीही यायला हवी. पण नवी भाषा जुन्या भाषेच्या आधारानेच येते. मोजणे, लहान-मोठे, वर-खाली, काल-उद्या, हे सगळे मूल घरच्या भाषेत आधीच शिकलेले असते. एकदा "मोठा" म्हणजे काय ते डोक्यात बसले की त्याला मराठी नाव लावायला वेळ लागत नाही. पण जे कळलेलेच नाही त्याला मराठी नाव लावून काय उपयोग? पोपटही बोलतो. एका मुलाला दोन भाषा झेपतात. तीनही झेपतात. बाजाराच्या गावी फिरून पाहा, चौथीतली पोरे दुकानात तीन भाषांत हिशोब करतात.

सरकारलाही हे मान्य आहे. मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला. त्यात लिहिले आहे की शक्य तिथवर मुलाला मातृभाषेत शिकवावे. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे, आणि त्यात अंगणवाडीची वयेही धरलेली आहेत. ओडिशात अंगणवाडीसाठी 'नुआ अरुणिमा' नावाचा अभ्यासक्रम आहे. तो ओडियात आहे, आणि तिथल्या आदिवासी भाषांतही केलेला आहे. म्हणजे करायचे म्हटले तर होते.

मान हलली, पण कळले का?

मुलाचे झाले. आता आईचे पाहू. कारण आईला कळले नाही तर कधी कधी जिवावर बेतते.

एका पाड्यावर एका तान्ह्याला जुलाब लागले. आई त्याला घेऊन नर्सबाईंकडे गेली. नर्सबाईंनी जलसंजीवनीची पुडी दिली. म्हणाल्या, "ही पुडी एक लिटर पाण्यात कालवायची, आणि थोडं थोडं पाजायचं. कळलं ना?" आईने मान हलवली. नर्सबाईंपुढे रांग होती. आई घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आशाताई सहज म्हणून तिच्या घरी डोकावल्या. पाहतात तो काय, आईने सगळी पुडी कपभर पाण्यात कालवली होती. चमच्या-चमच्याने तेच पाजत होती. लेकरू मलूल पडले होते, तोंड कोरडे, चिडचिड करीत होते. आशाताईंनी वेळ घालवला नाही. आई-लेकराला गाडीत घालून दवाखान्यात नेले. लेकरू वाचले. हे आम्हाला त्या आशाताईंनीच सांगितले.

पुडी चांगली होती. नर्सबाईंनी सांगितले तेही बरोबर होते. आईचेही काही चुकले नाही. तिला मराठीतले "पाणी" कळले, "पुडी" कळली, "एक" कळले. लिटर कळले नाही. पाणी कमी पडले की तेच औषध खारट विष होते. रक्तात मीठ वाढते, मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि पाणी फार घातले तर गुण येत नाही.

म्हणून इथे जरा थांबून सांगतो. सरकारी दवाखान्यातली मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. बाजारात लहान पुड्याही मिळतात, त्या 200 मिलीलिटर पाण्याच्या, म्हणजे साधारण एका पेल्याच्या. पुडीवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. तांब्यावर भरवसा ठेवू नका. एका घरचा तांब्या दुसऱ्या घरच्या तांब्याएवढा नसतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या हल्ली गावोगाव पडलेल्या असतात. त्यावर एक लिटर असे लिहिलेली बाटली स्वच्छ धुऊन घरात ठेवा. तेच माप. कालवलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, नवे करा. पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात. जुलाब थांबले तरी त्या पुरे 14 दिवस द्यायच्या असतात.

आता मान हलवण्याविषयी. समोरचे माणूस मोठे असले, शिकलेले असले, की आपण मान हलवतो. न कळता हलवतो. का? नाही म्हटले तर अडाणी म्हणतील. मागे रांग आहे. पुन्हा विचारले तर खेकसतील. हे आमचेही होते. शहरातल्या मोठ्या डॉक्टरपुढे आम्हीही मान हलवतो आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतो, "काय म्हणाले हो ते?"

तेव्हा ताईंनी आणि नर्सबाईंनी "कळलं का?" असे विचारून उपयोग नाही. त्याला एकच उत्तर येते, "हो." त्यापेक्षा म्हणावे, "बाई, आता घरी जाऊन काय करशील ते मला सांग." नाहीतर बाटली आणि पुडी तिच्या हातात द्यावी आणि म्हणावे, "कर बघू इथंच." दोन मिनिटे जातात. पण कळले की नाही ते डोळ्यांना दिसते. आणि आयांनो, तुम्हाला नाही कळले तर तसे म्हणा. "माझ्या भाषेत सांगा" म्हणा. यात लाज कसली? लाज सांगणाराला वाटायला हवी, आणि खरे पाहता त्यालाही वाटू नये. दोघांनी मिळून वाट काढायची.

नुसते शब्दच नव्हे, खुणाही वेगळ्या असतात. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला एक पट्टी लावून घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ही पट्टी असते. घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा रंग. साडेअकरा ते साडेबारा असला तर पिवळा. साडेअकराच्या खाली गेला की लाल. लाल म्हणजे मूल फार खंगले आहे, ताबडतोब उपचार हवेत. सातपुड्यातल्या एका पाड्यावर ताईंनी आईला पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, "बाळ लालमध्ये आलंय." आई खूश झाली. लाल म्हणजे कुंकवाचा रंग, लग्नाच्या लुगड्याचा रंग. तिने घरी जाऊन सासूला सांगितले, पोराला लाल मिळाले. तीन आठवडे तिने काही केले नाही. मग ताईंच्या ध्यानात आले.

दुभाषा कोण?

एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो त्याला दुभाषा म्हणतात. पुष्कळ घरांत हे काम थोरली मुलगी करते. नऊ-दहा वर्षांची, शाळेत जाणारी. तिला मराठी येते. ताई बोलतात, ती आईला सांगते.

मुलगी हुशार असते, पण असते पोरच. अवघड वाटेल ते गाळते. औषधाचे माप विसरते. शिवाय काही गोष्टी आईला मुलीदेखत बोलता येत नाहीत. पाळी, बाळंतपण, नवऱ्याचे पिणे, घरातली मारहाण. आई त्या गिळून टाकते. आणि दर वेळी पोरीची शाळा बुडते ती वेगळीच. म्हणून हे काम लेकराच्या गळ्यात घालू नये. मोठी बाई शोधावी.

बहुतेक ठिकाणी ती बाई अंगणवाडीतच असते. मदतनीस! ती गावातली असते, तिला मुलांची भाषा येते, आयांची दुखणी ठाऊक असतात. पण तिच्याकडे झाडणे, पाणी भरणे आणि भांडी घासणे एवढेच काम आहे असे सगळे धरून चालतात. आमच्या त्या अंगणवाडीत खरी ताई त्या दिवशी भांड्यांपाशी बसली होती. ताईंनी मदतनीस बाईला रोज अर्धा तास मुलांमध्ये बसवावे. गोष्ट तिने तिच्या भाषेत सांगावी, ताईंनी तीच मराठीत सांगावी. मुलांना दोन्ही मिळतात. ताईंनाही शिकायला मिळते.

ताई परगावच्या असल्या आणि त्यांना भाषा येत नसली तरी त्यांनी घाबरू नये. सगळी भाषा कुणीच मागत नाही. पाणी, भूक, शू, दुखते, झोप, आई, ये, भिऊ नको. असे वीस-पंचवीस शब्द मदतनीस बाईंकडून कागदावर लिहून घ्यावेत आणि भिंतीला लावावेत. कोरकू असो की गोंडी, देवनागरीत लिहिता येते. महिन्याभरात तोंडात बसतात. मुलाच्या भाषेतला एक शब्द ताईंच्या तोंडून आला की मूल चमकून बघते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि आजीला विसरू नका. जुनी गाणी, जुन्या गोष्टी तिच्यापाशी असतात. आठवड्यातून एक दिवस गावातल्या म्हाताऱ्या बाया अंगणवाडीत येऊन बसल्या तर? तुम्ही म्हणाल, ही काय शिकवण झाली? एका दूरच्या देशाचे ऐका.

न्यूझीलंड म्हणून एक देश आहे. समुद्रात, फार लांब. तिथले मूळचे लोक माओरी. त्यांच्यावर इंग्रजांचे राज्य आले. शाळेत माओरी बोलले म्हणून मुलांना मार बसे. असे दोन-तीन पिढ्या चालले. शेवटी अशी वेळ आली की भाषा म्हाताऱ्यांनाच येई, नातवंडांना येईना. तेव्हा 1982 साली त्या लोकांनी लहान मुलांच्या बालवाड्या काढल्या. तिथे आजी-आजोबा मुलांना सांभाळत आणि माओरीशिवाय दुसरे बोलत नसत. त्या बालवाडीचे नाव कोहंगा रेओ. म्हणजे भाषेचे घरटे. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या शेकडो झाल्या. शाळेच्या पदव्या त्या आज्यांपाशी नव्हत्या. मुलांना हवी होती ती भाषा होती.

आपण परमुलखात जातो तेव्हा

आतापर्यंत वाचून मराठी घरातला वाचक म्हणेल, हे दुसऱ्यांचे झाले, आमचा काय संबंध? तर ही बीडकडची गोष्ट.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही सांगली-कोल्हापूरकडे जातात. काही कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची. पहाटे अंधारात फडात जायचे. लहान लेकरे कोपीवर, नाहीतर फडाच्या बांधावर. बांधावर साप असतो, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फिरत असतात. त्यापेक्षा गावातली अंगणवाडी किती बरी.

बागलकोटकडे एका आईने धीर करून आपल्या पोराला तिथल्या अंगणवाडीत नेले. तिथल्या बाई मायेच्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे करून म्हटले, "बा, बा!" कानडीत बा म्हणजे ये. पोरगे मागे सरले आणि रडवेल्या तोंडाने म्हणाले, "माझा बा फडात गेलाय."

आईने हे आम्हाला हसत हसत सांगितले. पण पुढे म्हणाली, "चार दिस गेलं, मग न्हाई गेलं. मलाबी बाईंचं बोलनं समजंना. सुई टोचायची व्हती का टोचली, काय कळंना. मग म्या बांधावरच ठेवलं."

म्हणजे बघा, गावी असताना याच आईची भाषा सगळ्या तालुक्याची भाषा होती. चारशे किलोमीटर गेली आणि ती कोरकू आईच्या जागी आली. वीटभट्टीवर, बांधकामावर, द्राक्षबागेत, सगळीकडे हेच.

अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, परगावचे म्हणून मुलाला अंगणवाडीतून परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सांगितले की सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना या योजनेचा लाभ मिळाला पाहिजे. जिथे अशी 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असेही त्याच निकालात आहे. दुसरी, गाव सोडताना मुलाचे लसीचे कार्ड बरोबर घ्या. ट्रंकेत तळाशी नको, वर ठेवा. भाषा कळली नाही तरी कार्डावरची तारीख आणि आकडे कुठल्याही नर्सबाईंना कळतात. त्या आईजवळ कार्ड असते तर लस टोचली की राहिली हे तिला कुणाला विचारावे लागले नसते.

गावाने काय मागावे

अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस नेमताना ती बाई तिथलीच रहिवासी असावी असा नियम आहे. हा नियम भाषेच्या फार उपयोगाचा. पण गावात मराठी घरेही असतात आणि दुसऱ्या भाषेची घरेही असतात. म्हणून महाराष्ट्रात आणखी एक अट घातलेली आहे. ज्या अंगणवाडीतली निम्म्याहून जास्त मुले मराठीखेरीज दुसरी एखादी भाषा बोलतात, तिथे ती भाषा येणारी बाई नेमावी. भरतीच्या जाहिरातीत ही अट छापलेली असते. उर्दू, गोंडी, पावरी, कन्नड, बंजारा अशा भाषांची नावे त्यात आम्ही वाचली आहेत.

अट आहे, पण ती गावाला ठाऊक नसते. मुलांची भाषा कोणती हे साहेबांना कोण सांगणार? ताईंच्या वहीत मुलाचे नाव असते, वजन असते. घरी कोणती भाषा बोलतात याची नोंद कोण ठेवते? ती गावाने करावी. एका संध्याकाळचे काम आहे. घरोघर जायचे, सहा वर्षांखालची मुले मोजायची, प्रत्येकाच्या नावापुढे घरची भाषा लिहायची. निम्म्याहून जास्त भरली की तो कागद ग्रामसभेत मांडायचा आणि ठराव करून घ्यायचा. ठरावाची एक प्रत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायची, आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आम्ही एकदा उठलो होतो. कागद सापडत नाही म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा सारे केले.

मुले निम्म्यापेक्षा कमी भरली तर अट लागू होत नाही. पण मदतनीस बाईला मुलांत बसवा, आज्यांना बोलवा, शब्द भिंतीला लावा, हे सांगायला कुठलाही नियम लागत नाही.

जागा रिकामी झाली की जाहिरात निघते. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात. अर्ज द्यायला दिवस थोडेच असतात. फळ्यावर कागदावर कागद चिकटवलेले असतात, त्यामुळे जाहिरात पुष्कळदा खाली दडते. जाता येता वरचा कागद उचलून खालचा वाचा. भाषेची अट बहुतेक शेवटी, बारीक अक्षरात असते. आणि त्या भाषेची, शिकलेली सून किंवा लेक वस्तीत असेल तर त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन सांगा.